अकरा महिन्यांचा करार

“मावशी, हे वाच. अकरा महिने. एक महिन्याची नोटीस. दोघांपैकी कोणालाही बाहेर पडता येतं. म्हणूनच चार वर्षांत घरमालकाचं नि माझं एकदाही वाजलेलं नाही. लग्नाचं असं का नाही करत?”

भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला. बदलापूर पूर्वेला ती भाड्याने राहते. त्या वन-रूम-किचनच्या नव्या कराराचा मसुदा होता. मी रविवारची उपासना आटोपून नुकतीच अंबरनाथच्या घरी परतले होते, कुकर लावला होता. भाची वकील आहे. आठवडाभर कोर्टात नवरा-बायकोंची भांडणं ऐकते. उल्हासनगरच्या एका सिंधी मुलावर तिचा चार वर्षं जीव आहे. तो लग्नाचं विचारतो आणि ही तारीख पुढे ढकलते. तिच्या आईने मला सांगून ठेवलं होतं की जरा समजाव. पण समजावणं मला जमत नाही. मला वाद घालता येतो.

“ज्या पुस्तकावर आपण वाढलो, त्याच्या दोन भागांची नावं काय?” मी विचारलं.

“जुना करार, नवा करार. कळलं कुठे चाललीस ते.”

“शब्द तोच आहे. पण तुझ्या करारात एकाने अट मोडली की दुसरा सुटला. शास्त्रातला करार तसा चालत नाही. इस्राएल लोक मोडत राहिले आणि देव पाळत राहिला. होशेयाची बायको त्याला सोडून गेली, तरी देवाने त्याला तिला परत आणायला सांगितलं. पौल इफिसकरांना लिहिताना लग्नाला ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याची उपमा देतो, ती या कराराची. समोरचा कसा वागतो ते बघून आपण किती द्यायचं हे ठरवायचं, असा हिशेब त्यात नाही.”

“देवाला परवडतं,” ती म्हणाली. “माझ्या अशिलांना परवडत नाही.”

हे उत्तर मला दिवसभर पुरलं.

मग तिनेच मत्तयाचा एकोणिसावा अध्याय काढला. लहानपणी संडे स्कूलला वचनं पाठ करून बक्षिसं घेतलेली मुलगी आहे ती. “येशू सूटपत्राबद्दल इतकं कडक बोलल्यावर त्याचे शिष्यच म्हणाले ना, की असं असेल तर लग्न न केलेलंच बरं? मी शिष्यांच्या बाजूची.”

“पण ते कडक बोलणं कोणाला उद्देशून होतं ते बघ. त्या काळी सूटपत्र लिहायचा हक्क नवऱ्याचा. हिल्लेल नावाच्या गुरूच्या परंपरेत तर बायकोने जेवण करपवलं तरी तेवढं कारण पुरे होतं. अशा पुरुषांपुढे उभं राहून तो म्हणतो की बायको म्हणजे मनाला येईल तेव्हा कागद देऊन बाहेर काढायची वस्तू नव्हे. तो शब्द रस्त्यावर येणाऱ्या बाईचं रक्षण करायला निघाला होता.”

“मान्य. आणि पुढे त्याच शब्दाचं काय झालं ते मी सांगते. १८६९चा भारतीय घटस्फोट कायदा, आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी केलेला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून जाणं, असं काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसता मार खाल्ला तर घटस्फोट नाही. हे २००१ साली बदललं. एकशे बत्तीस वर्षांनी! परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदूंना १९७६ला मिळाला, आपल्याला तोही २००१लाच, आणि त्यातही दोन वर्षं वेगळं राहायची अट घातली; हिंदूंना एकच. रक्षणासाठी उभारलेल्या भिंतीची कोठडी कशी होते ते बघ.”

मी कुकर उतरवला. तिला वाढलं. ही मुलगी प्रेमावर चिडलेली नाही, हे मला तेव्हा दिसलं. तिने दारं बंद झालेली पाहिली आहेत, एवढंच.

जेवणानंतर मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं. माझे सासरे नगरहून ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नोकरीसाठी अंबरनाथला आले, तेव्हापासून हे पुस्तक आमच्या घरात पवित्र शास्त्राच्या शेजारी असतं.

“पुन्हा टिळक?” ती हसली.

“पुन्हा टिळक. परके नाहीत ते. १८६९ ते ७३ हा नारायण कल्याणच्या प्राथमिक शाळेत होता, आपल्यापासून तीन स्टेशनांवर. १८८० साली लग्न. लक्ष्मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. १८९३ला राजनांदगावच्या गाडीत त्याला एक मिशनरी भेटतो, हातात शास्त्र ठेवतो. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत नारायण वामन टिळक बाप्तिस्मा घेतो.”

“बायको जवळ नसताना.”

“हो. ती जवळ नसताना. पुढची जवळजवळ पाच वर्षं ती वेगळी राहिली, नाशिककडे, पंढरपूरला. आता तू सांग, वकीलबाई, त्या पाच वर्षांत टिळकांना कायद्याने काय करता आलं असतं?”

ती क्षणभर थांबली. मग तिच्या डोळ्यांत कोर्टातली चमक आली. “थांब. १८६६चा कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच कारणावरून नवऱ्याने किंवा बायकोने सहा महिने सोडलं तर कोर्टात जाता यायचं. कोर्ट दुसऱ्याला बोलावून विचारायचं, नांदणार का? नाही म्हटलं तर एक वर्ष विचाराला द्यायचं, आणि तरीही नाही म्हटलं तर लग्न मोडायचं, दोघंही दुसरं करायला मोकळी. म्हणजे सहा महिने अधिक एक वर्ष...” तिने बोटं मोजली. “दीड-दोन वर्षांत सुटला असता.”

“सुटला असता. नोकरी मिशनची, भोवती सगळी ख्रिस्ती मंडळी, वय पस्तिशीच्या आत. दुसरं लग्न कोणी वाईट मानलं नसतं. तो कोर्टात गेला नाही. पत्रं लिहीत राहिला, भेटायला जात राहिला. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हेच सांगितलंय: बायको विश्वासात नसली आणि राहायला राजी असली तर तिला सोडायचं नाही.”

“मावशी, एक विचारू? तो थांबला याचं तू नेहमी कौतुक करतेस. ती काय करत होती? पोर पदरात, सगळ्या नातेवाइकांच्या बोलण्याचा मारा, नवरा जिवंत असून नवरा नाही. धर्म त्याने बदलला, घर त्याने मोडलं, आणि घर जपल्याचं श्रेयही त्यालाच?”

आमच्या चर्चमध्ये टिळकांवर दरवर्षी कुणी ना कुणी बोलतं. हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला मी ऐकला नाही, आणि मीही विचारला नव्हता.

“तुझं बरोबर आहे,” मी म्हटलं. “थांबली ती दोघंही, पण किंमत तिने जास्त मोजली. मात्र तिला नुसती वाट बघणारी करू नकोस. ती नगरला त्याच्याकडे आली ती ख्रिस्ती व्हायला नाही. स्वतःचं सोवळं, स्वतःचा स्वयंपाक सांभाळून राहिली. त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं तरी त्याच्या संसारात आली. आणि त्याने ती वेगळी चूल मान्य केली. जातीपातीचा विचार तिने सोडला तो स्वतःच्या डोक्याने. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही तिला पटल्यावर. नवऱ्यामागून फरफटत ती गेली नाही. मला त्या लग्नातला सगळ्यात मोठा क्षण बाप्तिस्म्याचा वाटतच नाही. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली, आणि तरी ती दोघं नवरा-बायको, ते दिवस मला मोठे वाटतात. शपथ म्हणजे काय हे मला तिथे कळतं.”

“आणि त्याचा संताप? घरातले पैसे वाटून टाकणं? न सांगता निघून जाणं?”

“सगळं लिहिलंय तिने, काही झाकलं नाही. म्हणून तर ते पुस्तक खरं. ते वाचताना मला कधीही वाटलं नाही की ही बाई अडकली होती.”

“पण १८९५ सालच्या ब्राह्मण बाईला जायला दुसरी जागा होती कुठे? थांबणं आणि अडकणं यातला फरक बाहेरून कसा ओळखायचा?”

“बाहेरून नाही ओळखता येत.”

“मग चर्च बाहेरूनच का सांगतं, की थांब म्हणून?”

मी पुस्तक मिटलं. टिळक १९१९च्या मे महिन्यात गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं, आणि ते पुढे लिहायला घेतलं ते जिला एकेकाळी त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिनेच. हे मी तिला सांगणार होते. पण तिच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, म्हणून नाही सांगितलं.

उल्हासनगरच्या त्या मुलाचा विषय मीच काढला. “तो काय म्हणतो?”

“तो म्हणतो, चर्चमध्ये कर, कोर्टात कर, दोन्हीकडे कर. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. नाहीतर १९५४चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांची नोटीस. कायद्याची अडचण नाही. अडचण तुमची. तुमचे पाळकसाहेब मला ‘विजोड’ हा शब्द ऐकवतील.”

ऐकवतील, हे खरं आहे. आणि मी तिच्याशी खोटं बोलले नाही. “सातव्या अध्यायातला तो सल्ला आधीच लग्न झालेल्यांना आहे. लग्न व्हायचंय त्यांना पौल सावध करतो. तो शब्द मी पुसून टाकू शकत नाही. ज्याच्यासमोर तू गुडघे टेकतेस त्याचं नाव तुझ्या नवऱ्याला काहीच सांगत नसेल, तर मुलं झाल्यावर, आजारपणात, मयतीच्या दिवशी तुला एकटं वाटेल. हे आज नाही कळणार.”

“त्याची आजी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत संसार करून गेली, मावशी. सिंधमधून आल्यावर एका लांबलचक बराकीत किती कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. नवऱ्याचं दुकान गेलं, घर गेलं, देश गेला. ती त्याला सोडून गेली नाही. तिने तुझं शास्त्र वाचलं नव्हतं. ते लोक कराराला कागद मागत नव्हते.”

“मग त्याला सांग, आजीसारखं राहायचं असेल तर हो म्हणते.”

“म्हणजे तुझी परवानगी?”

“माझी परवानगी कुणी मागितली? पण त्याच्याबरोबर बस आणि सगळं काढा. मुलांना कुठे नेणार, रविवारी काय करणार, त्याच्या घरच्या पूजेला तू कुठे बसणार. टिळकांनी हे आधी केलं असतं तर पाच वर्षं वाचली असती.”

संध्याकाळ झाली. चहा टाकला. यांना उठवलं. तिचे काका, म्हणजे माझे यजमान, हॉलमध्ये पेपर तोंडावर घेऊन झोपले होते.

इथे एक गोष्ट मला वाचकांना सांगायची आहे, कारण प्रवचनात ती येत नाही. आमच्या पट्ट्यातली बहुतेक तरुण लग्नं व्यभिचाराने मोडत नाहीत. ती वेळेने झिजतात. बदलापूर ते सीएसएमटी जवळजवळ सत्तर किलोमीटर. सकाळची लोकल धरायला तो साडेसहाला निघतो, ती सातला. परत येताना एक अंबरनाथला उभं, दुसरं डोंबिवलीला दारात लटकलेलं. रात्री दहाला दोघं समोरासमोर येतात ते दमलेले, आणि मध्ये फ्लॅटच्या हप्त्याचा आकडा. वीस वर्षांच्या कर्जावर दोघांनी सही केलेली असते. बँकेपुढे वीस वर्षांचं वचन द्यायला कुणी कचरत नाही.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “कर्जाला मुदतीआधी फेडायची सोय असते गं.” मग गंभीर झाली. “पण वेळेचं खरं आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका म्हणतात, तो वाईट नाही, तो नसतोच.”

कॅथलिक मंडळींत लग्नाआधी जोडप्यांचा तयारीचा वर्ग असतो. आमच्याकडे पाळक एक-दोन बैठका घेतात, त्यातली अर्धी मिरवणुकीत कोण कुठे उभं राहणार यात जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात संसाराला तीन शब्द लागतात असं लिहिलं: विनंतीचा, आभाराचा आणि माफीचा. मराठी घरात नवरा-बायको एकमेकांना ‘धन्यवाद’ म्हणत नाहीत. म्हटलं तर काहीतरी बिनसलंय असं वाटेल. मी भाचीला सांगितलं, “काका पहिल्या पाळीला असत तेव्हा पहाटे उठून माझ्या अंघोळीचं पाणी तापवून ठेवून जायचे. तोच आभार, तीच माफी.”

काका पेपराआडून काही बोलले नाहीत.

“गोड आहे,” ती म्हणाली. “पण काकांना तोंडाने बोलायचा आळस होता, तो तू समजून घेतलास. किती बायका आयुष्यभर नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसतात. शब्दही हवेत, मावशी. तुझ्या पोपचं बरोबर आहे.”

काकांनी पेपर खाली घेतला. “बरोबर बोलते ती,” एवढंच म्हणाले.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. “तुमच्या मंडळीत ती एक बाई होती ना. तुझ्याकडे यायची. तिला तू काय सांगितलं होतंस?”

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा महिला मंडळाचं काम बघत होते. ती उपासनेनंतर थांबायची, पदर पुढे ओढून. दंडावर वळ होते. मी तिला मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन दाखवलं, देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे ते. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, थांब, तो बदलेल. ती थांबली. पुढे तिच्या धाकट्या मुलाचा हात मोडला, तेव्हा ती माहेरी गेली, कुणालाही न विचारता. मला न विचारता. त्यानंतर ती कधी आमच्या चर्चच्या पायरीवर आली नाही.

हे मी भाचीला सांगितलं. ती रागावली नाही, त्याने मला जास्त लागलं. तिने फक्त शास्त्र उघडलं. “मलाखीचं तेच वचन पुढे वाच. त्याच वाक्यात जुलूम करणाऱ्या नवऱ्याचाही तितकाच निषेध आहे. तू अर्धंच वचन वाचलंस.”

ते अर्धं आम्ही सगळेच वाचतो. कॅथलिक चर्चचं लग्नबंधन तर आमच्यापेक्षा घट्ट. तिथे घटस्फोट मानतच नाहीत. तरी त्यांच्या १९८३च्या कॅनन कायद्यातलं ११५३वं कलम सांगतं की जोडीदारामुळे आत्म्याला, शरीराला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याला ते रास्त कारण आहे, आणि उशीर धोक्याचा असेल तर कुणाच्या आज्ञेची वाट न बघता स्वतःच्या निर्णयाने जाता येतं. पोप फ्रान्सिस यांनी त्याच पत्रात लिहिलं की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकही असतं. हे वाचून मला दिलासा मिळाला नाही. लाज वाटली, कारण हे सगळं लिहून ठेवलेलं होतं आणि मी विचारलंच नव्हतं.

“म्हणजे तू माझ्या बाजूला आलीस,” भाची म्हणाली.

“नाही. अकरा महिन्यांच्या करारावर संसार उभा राहत नाही, हे मी अजूनही म्हणते. नोटीस देता येते हे डोक्यात असलं की माणूस भिंतीला खिळा ठोकताना विचार करतो. पण ज्याने बायकोवर हात टाकला त्याने करार आधीच मोडला. ती घराबाहेर पडते तेव्हा मोडलेलं फक्त लोकांना दिसतं. हे मला त्या दिवशी त्या बाईला सांगायला हवं होतं.”

ती आठच्या बदलापूर लोकलला निघाली. जाताना भाडेकराराचा मसुदा घरमालकाला पाठवलाय म्हणाली, अकरा महिन्यांचाच. मुलाला पुढच्या रविवारी जेवायला आणणार आहे. दाल पकवान मला येत नाही. मी आपलं मटण-भाकरी करीन.

आमच्या मंडळ्यांतल्या पाळकांना आणि महिला मंडळात काम करणाऱ्या बहिणींना माझी एक विनंती आहे. लग्नात शपथ घ्यायला लावाल तेव्हा ती जन्मभराचीच घ्यायला लावा, त्यात काटछाट करू नका. पण उपासनेनंतर एखादी बाई पदर पुढे ओढून थांबली, तर तिच्यापुढे लगेच वचन उघडू नका. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर तुमच्या वहीत लिहून ठेवा, २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो हे माहीत करून घ्या. आणि आधी तिला विचारा, आज रात्री ती आणि तिची मुलं कुठे झोपणार आहेत.